राज्यपालांचा धडा शिकवला की 'प्रचार' होतो का?

तासिकावाली_मॅडम:
सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. परवा टीवायला राज्यपालांचे अधिकार घेत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, २०२२ ला राज्यपाल बरोबर होते का चूक?" मी स्वतःचं मत दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३ चा निकाल सांगितला: ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगणं राज्यपालांचं चुकलं, पण चाचणीआधीच त्यांनी राजीनामा दिल्यामुळे ते सरकार परत आणता येत नाही, आणि शिंदेंना सरकार बनवायला बोलावणं योग्य होतं. कुणीतरी फक्त पहिलं वाक्य मोबाईलवर घेतलं. संध्याकाळी क्लिप व्हॉट्सॲपवर, सकाळी माणसं प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मला तोंडी सांगितलं, "सिलॅबसपुरतंच बोला." राज्यपाल सिलॅबसमध्येच आहेत की हो! उदाहरणाशिवाय हा विषय शिकवायचा कसा?

निवृत्त_प्राध्यापक:
ताई, निकालाची प्रत वर्गात न्या आणि दोन्ही भाग मुलांकडूनच वाचून घ्या. टाचणात तारखेसह नोंद करा. आणि 'तोंडी' काही ऐकून घेऊ नका, सूचना लेखी मागा. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी एका विद्यार्थी नेत्याच्या तक्रारीवरून अभ्यासक्रमातून काढली होती. एकदा मान तुकवली की पुढची तक्रार लवकर येते.

अक्कलकोट_रोड:
सर, लेखी मागायला नोकरी पक्की लागते. कायम प्राध्यापकाला काढलं तर तो न्यायाधिकरणात जातो. आमची ऑर्डर दरवर्षी नवी. ती पुन्हा दिली नाही तर कारणसुद्धा सांगावं लागत नाही. विद्यापीठं डावी का उजवी यावर टीव्हीवर रोज भांडतात, पण ज्याचं पोट तासांवर आहे तो कुठल्याच बाजूचं बोलत नाही. आधी रिक्त जागा भरा.

एमए_भाग_दोन:
मॅडम, आम्ही मोहोळहून एसटीने येतो ते अशा तासांसाठीच. नोट्स झेरॉक्सवाल्याकडे मिळतात.

तासिकावाली_मॅडम:
सर, लेखी मागण्याची हिंमत सध्या नाही, खरं सांगते. पण सोमवारी निकालाच्या प्रती घेऊन जाते. ज्याला रेकॉर्ड करायचंय त्याने पूर्ण तास करावा, हेही वर्गात सांगणार आहे. आणि तासिकावाल्या बाकीच्यांनो, प्राचार्यांना भेटायला चार-पाच जण बरोबर याल का? एकटीने गेलं की ते मॅडमचं वैयक्तिक प्रकरण होतं.