इंग्रज गव्हर्नर म्हणे ‘रजा न घेता’ राबायचे!

मुठेकाठचा
काल गणपुले काकांनी इथे टाकलं, ‘इंग्रज गव्हर्नर पाच-पाच वर्षं रजा न घेता राबायचे, आपले राज्यपाल साडेतीन लाख घेऊन फिती कापतात.’ खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही.

काका, रजा घेत नसत कारण मिळतच नव्हती. युरोपला जायला म्हणून गव्हर्नरने हिंदुस्थान सोडला की पद रिकामं, असा कायदाच होता. 1924 साली पार्लमेंटने रजेचा कायदा केला, तोही कारकिर्दीत एकदाच आणि फार तर चार महिने. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय रीडिंग विलायतेला रवाना! यात त्याग कुठे आला?

आणि पगार? 1935 च्या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला 1,20,000, म्हणजे महिना दहा हजार. स्वतंत्र भारताच्या घटनेत राज्यपालाला महिना 5,500. ते दहा हजार आपल्याच तिजोरीतून, वर ‘भारित खर्च’, म्हणजे विधिमंडळाने कात्री लावायची सोयच नाही.

गणपुले काका
घेत होते, पण देतही होते. सर जेम्स फर्ग्युसनांनी 1,250 रुपये दिले, म्हणून तुमचं कॉलेज.

मुठेकाठचा
साडेबाराशेत कायमचं नाव! आज तेवढ्यात गणपतीच्या कमानीवरही नाव येत नाही. कॉलेज उभं केलं टिळक-आगरकरांच्या मंडळींनी.

वऱ्हाडी ठेचा
मुंबईले 1,20,000. पंजाब, बिहारले एक लाख. अन् आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडले? 72,000! अनुशेष तेव्हापासूनचा आहे, लिहून ठेवा.

मुठेकाठचा
अहो भाऊ, पगार गोऱ्याचा होता. त्याला कमी दिला तर तुमचेच पैसे वाचले की!

वऱ्हाडी ठेचा
पुण्यात बसून नाही समजत ते. दर्जा नावाची गोष्ट असते. मुंबईले विलायतेतून लॉर्ड-सर यायचे, आमच्याकडे आयसीएसमधला बढतीवाला. 1956 ले नागपूरची राजधानी बी गेली. हातात काय, तर एक हिवाळी अधिवेशन. तुमचे आमदार येतात, हुरडा खातात, परत.

तर्कटराव
बढतीवाल्याला आयसीएसचं पेन्शन ठरलेलं होतं. बाहेरून पाच वर्षांसाठी येणाऱ्याला जास्त द्यावं लागणारच. प्रत्येक आकड्यात विदर्भ शोधू नका.

वऱ्हाडी ठेचा
पंजाबचा बी आयसीएसवालाच होता. मग त्याले एक लाख कसे, तुमचा मामा होता का?

तर्कटराव
भाषा सांभाळा. रजेचं निघालंय तर एक सांगतो. 1931 साली गव्हर्नर साइक्स रजेवर गेले, हॉटसन हंगामी बसले आणि 22 जुलैला फर्ग्युसनच्या वाचनालयात वासुदेव बळवंत गोगट्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. रजा एकाची, गोळी दुसऱ्याला. बिचारे वाचले म्हणा.

सोलापुरी चादर
बिचारे??? सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा गृहखातं कोणाकडे होतं? याच हॉटसनकडे. 12 जानेवारी 1931 ला धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, चौघे फासावर गेले. गोगट्यांनी माणूस चुकवला नव्हता. आमच्या आजोबांनी मार्शल लॉ पाहिला होता. म्हातारपणीही रस्त्यात कुणी खाकीतला दिसला की ते बाजूला होऊन उभे राहायचे. ‘बिचारे’ मागे घ्या.

तर्कटराव
घेतला. एका शब्दावर इतकं?

सोलापुरी चादर
हो, इतकं.

निवृत्त लेखापाल
हंगामी शब्द वाचून जखम उघडली. मी चौदा महिने प्रभारी होतो. सह्या वरच्या पदाच्या, पगार जुनाच. मुलीच्या लग्नाला पंधरा दिवस रजा मागितली, मिळाली चार दिवस. साहेब म्हणाले, ‘तुमच्याशिवाय चालणार नाही.’ निवृत्त झालो, चाललं.

गणपुले काका
बरं, रजेचा मुद्दा तुमचा. खूश? पण ‘राबायचे’ यावर मी ठाम आहे.

मुठेकाठचा
राबायचेच की. उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात गणेशखिंडीत. हवापालटाची दगदग काय कमी असते?

वऱ्हाडी ठेचा
72,000 चं उत्तर अजून कोणी दिलं नाही.