मदत हवी आहे : सूत्र म्हणतं ३८५, गाइड मॅडम म्हणतात ८४. नमुना नक्की किती घ्यायचा?

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर आठ वर्षं नोकरी केली, आता पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित दहावीला सुटलं ते सुटलंच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तरी कृपया सांभाळून घ्या.

प्रबंधाचा विषय : आमच्या तालुक्यातल्या ७ शाळांमधल्या नववी-दहावीच्या मुलींमधला ॲनिमिया. एकूण मुली ८४०. हा विषय मी मागून घेतला आहे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, तरी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणाऱ्या मुली मी दर वर्षी पाहिल्या आहेत. त्यामुळे पास होण्यापुरता आकडा मला नको आहे.

नमुन्यासाठी पुस्तकातलं सूत्र वापरलं : १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. गाइड मॅडमचं म्हणणं, "एकूण संख्येच्या दहा टक्के घेतले की पुरे, ८४ घे." वर्गातल्या मैत्रिणीने सरळ १०० लिहिले आहेत. ३८५ मुलींचं रक्त तपासायचं तर सुट्ट्यांसकट तीन महिने लागतील. ८४ तर आठवड्यात होतील, पण मग माझ्या निष्कर्षाला काही अर्थ राहील का?

दुसरं. जवळच्या शाळेत २५ मुलींवर पायलट, म्हणजे छोटी पूर्वतपासणी, केली. सरासरी हिमोग्लोबिन ११.८, स्टँडर्ड डिव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) १.४, आणि १२ च्या खाली, म्हणजे ॲनिमिया असलेल्या, १४ मुली. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तो ११.२५ ते १२.३५ आला. मी लिहिलं, "९५ टक्के मुलींचं हिमोग्लोबिन ११.२५ ते १२.३५ या दरम्यान आहे." त्यावर लाल रेघ आली. मग लिहिलं, "खरी सरासरी या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे." त्यावरही लाल रेघ. मग या ९५ चा अर्थ तरी काय? सोमवारी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायचा आहे.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. मी बरीच वर्षं आरोग्य सर्वेक्षणांत काम करतोय, तिथेही दहा टक्क्यांचा हा नियम ऐकू येतो. त्याला आधार नाही.

एकूण संख्येला आपल्याला वाटतं तितकं महत्त्व नसतं. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं घरचं आहे की लग्नाचं, हे आपण बघत नाही. तुमच्या मुली ८४० ऐवजी ८,४०० असत्या तर दहा टक्क्यांनी ८४० तपासाव्या लागल्या असत्या. पण पाच टक्के मार्जिन ऑफ एरर (आपलं उत्तर खऱ्या आकड्याच्या किती वर-खाली असू शकतं ते; तुमच्या सूत्रातलं ०.०५) ठेवलं तर तिथेही ३६८ पुरतात. आणि तुमच्याकडच्या ८४ मुलींत मार्जिन वर-खाली दहा टक्क्यांचं येतं. समजा ५६ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला, तर तुम्हाला एवढंच म्हणता येईल की खरा आकडा ४६ ते ६६ मध्ये कुठेतरी असावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे हे ठेवलंत तर ते विचारतील, निम्म्याहून कमी की दोन तृतीयांश, नक्की काय ते सांगा.

पण ३८५ सुद्धा तुम्हाला लागत नाहीत. ते सूत्र फार मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. तुमची लोकसंख्या ८४०, म्हणून दुरुस्ती करायची : ३८४.१६ ला (१ अधिक ३८३.१६ भागिले ८४०) ने भागा. २६३.८ येतात, म्हणजे २६४. काही पालक संमती देणार नाहीत, काही मुली त्या दिवशी गैरहजर असतील. दहा टक्के गळती धरून २६४ ला ०.९ ने भागा, २९४. सिनॉप्सिसमध्ये हाच आकडा लिहा, आणि तो कसा आला ते दोन ओळींत दाखवा. परीक्षक तेच बघतात.

०.५ का, असंही विचारतील. ॲनिमियाचं प्रमाण किती असेल हे माहीत नसतं तेव्हा ०.५ धरलं की नमुना सगळ्यात मोठा येतो, कमी पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. तो आकडा घातलात तर ३८५ च्या जागी ३७७ येतात. आठचाच फरक, ०.५ राहू द्या.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. २९४ मुली कुठून घेणार? वेळ वाचवायला जवळच्या दोन मोठ्या शाळांतून घेतल्या तर वरचं सगळं गणित वाया जाईल. एका शाळेतल्या मुली एकाच भागातून येतात, जेवण सारखं, गोळ्यांचं वाटपही सारखंच. त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकींसारखे निघतात, आणि बऱ्याच मुली तपासूनही माहिती मिळते ती त्याहून कमी मुलींइतकी. शितावरून परीक्षा चालते ती भात नीट ढवळलेला असेल तर. तुमच्याकडे सातही शाळांचे हजेरीपट आहेत ना? मग सातही शाळांतून प्रमाणात घ्या. ८४० पैकी २९४ म्हणजे ३५ टक्के. १८० मुलींच्या शाळेतून ६३, ६० मुलींच्या शाळेतून २१. नावं चिठ्ठ्या टाकून किंवा मोबाइलवर रँडम नंबर काढून निवडा. बाईंनी "या हुशार मुली घ्या" म्हणून पुढे केलेल्या मुली मात्र नकोत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. ९५ बद्दल मी लिहितो, तीस वर्षं हेच शिकवलं आहे आणि दर वर्षी निम्मा वर्ग इथेच अडतो.

बाळ, तुझं पहिलं वाक्य चुकलं कारण हा इंटरव्हल एकेका मुलीचा नाहीच, सरासरीचा आहे. स्टँडर्ड डिव्हिएशन १.४ आहे, म्हणजे बहुतेक मुली ९ ते १४.६ या पट्ट्यात पसरलेल्या असणार. ११.२५ ते १२.३५ या अरुंद पट्ट्यात ९५ टक्के मुली मावतील कशा?

दुसऱ्या वाक्यातली चूक बारीक आहे. जत्रेत रिंग टाकून वस्तू जिंकायचा खेळ आठव. वस्तू जागेवर असते, उडते ती रिंग. ८४० मुलींची खरी सरासरी ही ती वस्तू. ती ठरलेली आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. तू दुसऱ्या २५ मुली निवडल्या असत्यास तर रिंग दुसरीकडे पडली असती. अशा शंभर रिंगा टाकल्या तर साधारण ९५ वस्तूभोवती पडतील, अशी ही पद्धत बांधलेली आहे. ९५ टक्के हा भरवसा फेकीच्या पद्धतीवरचा. एकदा पडलेली रिंग एक तर वस्तूभोवती आहे, नाही तर नाही. म्हणून असं लिही : "९५ टक्के विश्वासपातळीवर सरासरी हिमोग्लोबिनचा अंदाज ११.२२ ते १२.३८ आहे."

आकडे बदलले ते पाहिलंस ना? नमुना २५ चा आणि स्टँडर्ड डिव्हिएशनही त्यातूनच काढलेलं, तेव्हा १.९६ ऐवजी पुस्तकामागच्या टी-तक्त्यातली २४ (२५ वजा १) पुढची किंमत घ्यायची, २.०६४. आणि १२ ही सीमा या इंटरव्हलच्या आतच पडते. म्हणजे इतक्या मुलींवरून सरासरी १२ च्या खाली आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. पायलटही एकाच शाळेतलं आहे, त्यावर फार भार टाकू नकोस.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हलची ही मांडणी संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३० च्या दशकात केली. त्याच काळात लंडनला त्यांच्या हाताखाली सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे शिकत होते. लोकसंख्येचे गट पाडून प्रत्येकातून किती घ्यायचे, आणि त्यासाठी आधी छोटा नमुना घेऊन अंदाज बांधला तर काय होतं, यावर त्यांनी १९३५ मध्ये काम केलं. पुढे पिकांचे अंदाज आणि पोषण हे त्यांचे विषय झाले. तू सात शाळांतून प्रमाणात मुली घेऊन त्यांचं पोषण तपासणार आहेस, ते याच वाटेवरचं काम आहे.

धागाकर्ती

सर, दादा, खूप खूप आभार. रिंग डोक्यात पक्की बसली. दोन वेळा लाल रेघ आल्यावर वाटत होतं की मला हे कळणारच नाही.

मॅडमना आज ८,४०० चं उदाहरण दाखवलं. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं आणि २९४ ला होकार दिला. डोंगरापलीकडच्या दोन शाळांना एसटी दिवसातून दोनदाच जाते, तिथे मुक्काम करावा लागेल. आमच्या जुन्या आशाताई म्हणाल्या, माझ्याकडे राहा.

एकच शंका उरली. चिठ्ठीत नाव आलेली मुलगी त्या दिवशी गैरहजर असेल तर तिच्या शेजारची घेऊ का?

प्रतिसाद १

नको ताई. ती आजारी असल्यामुळे आली नसेल, तर नेमकी ॲनिमियावालीच सुटेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, दोनदा जाऊनही भेटली नाही तर गळती म्हणून नोंदवा. ते ३० जास्तीचे त्याचसाठी धरलेत.