मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर अडत दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर, पट्टीची तारीख उलटी पडतेय

हळद_सौदा:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच उलटे दहा प्रश्न विचाराल.

दुकानात पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, करायचं एक सॉफ्टवेअर आहे. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मधलं, डेटा मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसच्या फायलीत. वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी ओळखीच्या एका पोराकडून करून घेतलेलं. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन आणि सौद्यातला दर घातला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी तयार. वडिलांना याच्याशिवाय दुसरं काही नको आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही. तो पोरगा आता कुठं असतो कुणालाच माहीत नाही. मूळ सीडी गावभागातल्या जुन्या घरात होती, ती २०१९ च्या पुरात गेली. आता चालू फोल्डर तेवढं शिल्लक आहे.

मशीन चौथ्या पिढीचं आय-३, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आमचं मशीन बाद. भाच्यानं जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली, नवी एसएसडी बसवली, तिच्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं आणि वर वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. (वडील म्हणाले, द्राक्षं तासगावची आणि वाइन आमच्या दुकानात, हे बरंय.)

आतापर्यंत इतकं जमलंय. आधी प्रोग्रॅम उघडतच नव्हता, ग्रिडची (रकान्यांच्या तक्त्याची) ओसीएक्स फाइल रजिस्टर नाही म्हणायचा. भाच्यानं वाइनसाठी ३२ बिटचं वेगळं प्रिफिक्स, म्हणजे वाइनचं स्वतंत्र फोल्डर, केलं. विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस साधनातून प्रोग्रॅमला लागणारे विंडोजचे भाग टाकले: व्हीबी ६ चं रनटाइम, डेटाची फाइल वाचायला एमडॅक २.८ आणि जेट ४.०, आणि ग्रिडसाठी फ्लेक्सग्रिड. मग उघडला. नावं आधी इंग्रजी अक्षरांचा काला दिसत होती. जुन्या डिस्कवरून मराठी फॉन्टची फाइल आणून वाइनच्या सी ड्राइव्हमधल्या फॉन्ट्समध्ये टाकली, तेही सुटलं. १ मार्चपासून रोजचं काम यावरच सुरू केलं.

आणि मग घोळ. ५ मार्चची पट्टी ३ मे म्हणून पडली. लक्षात यायला दोन आठवडे गेले, कारण १३ तारखेपासून सगळं बरोबर आहे! एक शेतकरी पैशाला आला आणि मार्चच्या यादीत त्याचं नावच नाही. ऐन हंगामात, चार लोकांसमोर. काय बोलणार.

भाच्यानं मग सिस्टिमची भाषा मराठी केली. तारीख सरळ झाली, पण नावांच्या जागी चौकोन आले. परत इंग्रजी केली तर नावं ठीक, तारीख उलटी. दोन्ही एकत्र कसं मिळवायचं?

कुपवाडकर:
जुनी हार्डडिस्क परत लावा, नेटची वायर काढा आणि पट्ट्या करा. इतका उपद्व्याप कशाला?

हळद_सौदा:
जीएसटी आणि बँक पण त्याच मशीनवर बघावी लागते हो. दुसरं मशीन ठेवायला काउंटरवर जागा नाही.

टक्स_मिरज:
दादा, तुमच्या भाच्याचं कौतुक. अवघड भाग त्यानं आधीच केलाय. एमडॅक आणि जेट ६४ बिटच्या प्रिफिक्समध्ये बसत नाहीत, तिथंच बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात.

आता तारीख. वाइन म्हणजे विंडोजची नक्कल करणारं मशीन नव्हे. प्रोग्रॅम विंडोजकडं जे मागतो ते लिनक्सच्या भाषेत करून देणारा दुभाष्या समजा. १९९३ पासून हे काम चालू आहे. हा दुभाष्या देश आणि भाषा कुठली ते लिनक्सला विचारतो. मिंट टाकताना अमेरिकन इंग्रजी निवडलं गेलं असणार, म्हणून महिना आधी, दिवस नंतर. ०५/०३ म्हणजे ३ मे. १३/०३ ला तेरावा महिना नसतो, मग व्हीबी गुपचूप उलटं वाचून १३ मार्च धरतं. चूक दाखवलीच नाही त्यानं, हाच त्याचा वाईट गुण.

मराठी केल्यावर नावं का गेली? जुने मराठी फॉन्ट युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना वेगळा आकडा देणारी आजची पद्धत) नाहीत. तुमच्या डेटाच्या फायलीत मराठी अक्षर एकही नाही. तिथं युरोपीय अक्षरांचे आकडे आहेत आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. हे चालायला कोडपेज १२५२, म्हणजे कुठला आकडा कुठलं युरोपीय अक्षर याचं कोष्टक, लागतं. विंडोजमध्ये मराठीला असं जुनं कोडपेजच नाही, त्यामुळं वाइन ते आकडे यूटीएफ-८ (युनिकोड लिहायची एक पद्धत) समजून वाचायला जातं आणि चौकोन येतात. मराठी सॉफ्टवेअर मराठी निवडल्यावर बिघडतं, गंमतच आहे.

उपाय: भारतीय इंग्रजी. कोडपेज १२५२ आणि दिवस आधी, दोन्ही मिळतं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या कमांडमध्ये सगळ्यात आधी एन्व्ह लिहा, मग एलसी-ऑलला ईएन-आयएन यूटीएफ-८ ही किंमत द्या (env LC_ALL=en_IN.UTF-8), मग पुढं तुमची नेहमीची वाइनची ओळ. बाकी मशीनची भाषा तुम्हाला हवी ती ठेवा. त्याआधी चालू असलेलं वाइन पूर्ण बंद करा, नाहीतर ते जुनीच भाषा धरून बसतं.

आणि एक, हे नीट वाचा. १ ते १२ मार्चच्या नोंदी हातानं दुरुस्त कराव्या लागतील. एप्रिल ते डिसेंबरच्या तारखा लगेच सापडतील, कारण ते महिने अजून यायचेत. पण १ मार्च हा ३ जानेवारी झालाय आणि २ मार्च ३ फेब्रुवारी. त्या खऱ्या नोंदींत मिसळून गेल्यात. तारखेवर जाऊ नका, पावती नंबरच्या क्रमानं यादी काढा. ३ मार्च तेवढा नशीबवान, उलटला तरी तोच. दुरुस्तीला हात लावण्याआधी होम फोल्डरमधलं लपलेलं वाइनचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. तुमचा डेटा तिथंच आहे.

जुनं_ते_सोनं:
व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ७ टाका, कटकटच नको.

टक्स_मिरज:
४ जीबीत दोन सिस्टिम? बटण दाबून चहा प्यायला जावं लागेल. ८ जीबी असती तर मीही हेच सुचवलं असतं.

हळद_सौदा:
झालं! नावंही नीट, तारीखही सरळ. वडिलांनी स्वतः एक पट्टी करून बघितली.

आता प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स आहे, तीन प्रतींचा कार्बनवाला सलग कागद, १० इंच रुंद आणि ६ इंच उंच. लिनक्सला ९-पिनच्या साध्या ड्रायव्हरवर चालतोय, अक्षरं छान येतात. पण प्रोग्रॅममध्ये १०×६ हा कागद यादीतच दिसत नाही. ए-४ धरून छापतो आणि दर पट्टीमागं एक कोरा कागद पुढं सरकतो.

कार्बन_कॉपी:
यात मी दोन रविवार घालवलेत, तुमचे वाचवतो. वाइन कागदांची यादी प्रिंटरच्या पीपीडी फायलीतून, म्हणजे प्रिंटरची माहिती असलेल्या फायलीतून, घेतं. ती फाइल ईटीसी फोल्डरमध्ये, कप्सच्या (लिनक्सची छपाई सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आत, पीपीडी नावाच्या फोल्डरमध्ये असते. तिच्यात ए-४ च्या चार ओळी सापडतील: पेजसाइज, पेजरीजन, इमेजेबल एरिया आणि पेपर डायमेन्शन. त्या चारही ओळींची नक्कल करून खाली चिकटवा, नाव 'पट्टी' असं काहीतरी द्या, इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता. माप पॉइंटमध्ये लिहायचं, इंचाला ७२. म्हणजे तुमचं ७२० आणि ४३२. कप्स पुन्हा सुरू करा, वाइनही. मूळ फायलीची एक प्रत मात्र आधी बाजूला ठेवा.

हळद_सौदा:
पहिल्या वेळी ४३२ च्या जागी ४२३ लिहिलं, प्रत्येक पट्टी थोडी थोडी वर चढत गेली. दुरुस्त केल्यावर फाडायची रेघ बरोबर जागेवर. विंडोजपेक्षा छपाई सावकाश होते, पण सौदे उरकेपर्यंत निभतंय.

चुकलेल्या नोंदी एकूण ३८ निघाल्या. त्यातल्या सात जानेवारी-फेब्रुवारीत लपल्या होत्या, टक्स_मिरज यांनी सांगितलं नसतं तर त्या तशाच राहिल्या असत्या. सगळ्या दुरुस्त केल्या. त्या शेतकऱ्यालाही नवी पट्टी आणि पैसे दिले, चहा पाजला.

कपाटातली हार्डडिस्क मात्र हंगाम संपेपर्यंत हलवत नाही.