कुलाब्याचं लॉगबुक आणि आपली पंप रूम

दळवी (सचिव): सी ७०१ ची ऋजुता काल कॉलेजबरोबर कुलाब्याच्या मिलिटरी स्टेशनला जाऊन आली. तिला म्हटलं, काय पाहिलंस ते ग्रुपवर लिही, चार फोटोही टाक.

ऋजुता सी ७०१: फोटो कुठले काका, फोन गेटवरच जमा! नावांची यादी आधी गेली होती, तरी प्रत्येकाचं आधार ताडून पाहिलं. रणगाडे-बिणगाडे काही नाही हां. पाणी, वीज, ड्रेनेज, फायर. हे सगळं एमईएस बघतं, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. इमारती-रस्ते एकाकडे, वीज-यंत्रं दुसऱ्याकडे, दोघांच्या वर गॅरिसन इंजिनिअर.

ऋजुता सी ७०१: मला आवडलं पंप हाउसचं लॉगबुक. दर तासाला व्होल्टेज, अँपिअर, टाकीची पातळी. पाळी बदलताना जाणारा-येणारा दोघंही सही करतात. एका पानावर अँपिअर हळूहळू चढत गेलेले दिसले आणि खाली लाल शाईत ‘बेअरिंग बदलले’. पंप बंद पडायच्या आधीच!

सावंत काकू बी ३०४: आपल्याकडे नळ कोरडा पडला की कळतं 😄

पाटील ए १०२: गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाहीये.

ऋजुता सी ७०१: क्लोरीनही तपासून दाखवलं. टेस्ट ट्यूबमध्ये ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, तो रंग पट्टीशी जुळवायचा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं, आणि तेही टाकीजवळ नाही, शेवटच्या नळाला.

राणे काका ए ४०३: छान लिहिलंस बाळा. फक्त कुठे काय आहे ते इथे नको, पंप-रजिस्टरचं बोल. मी एमईएसमध्येच रिटायर झालो म्हणून भर घालतो. खातं १९२३ चं, लष्कर-नौदल-हवाई दल तिघांची कामं करतं. तिथली खरी शिस्त बघायची तर मार्चिंग आउटला. क्वार्टर सोडताना आमचा माणूस यादी घेऊन हजर. पंखे किती, नळ किती, काचा किती. तुटलं-हरवलं ते राहणाऱ्याच्या खात्यावर, मग कर्नल असो की शिपाई. एका साहेबांचं सगळं जुळलं, एक खिडकीची काच तेवढी तडकलेली. तिचे पैसे भरले तेव्हा बदलीचा ट्रक हलला.

कुलकर्णी सी २०२: एवढं चोख असेल तर तिथल्या क्वार्टर्स गळतात असं का ऐकतो?

राणे काका ए ४०३: गळतातच. रोजची किरकोळ दुरुस्ती टर्म काँट्रॅक्टमधून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या ठेक्यातून उरकते. पण गच्चीचं मोठं काम म्हणजे स्पेशल रिपेअर. त्याला मंजुरी लागते, पैसा लागतो आणि पाऊस काही थांबत नाही. वर कुलाब्याची खारी हवा, सळया गंजून फुगतात. तिथली कामं झटपट होतात असा गैरसमज नको. पण कुठे गळतंय हे कागदावर असतं.

ऋजुता सी ७०१: आज आपली पंप रूम बघून आले. फायर पॅनेलचा स्विच मॅन्युअलवर आहे, गेजचा काटा शून्यावर. जॉकी पंपाने, म्हणजे छोट्या पंपाने, लाइनचं प्रेशर धरून ठेवायचं असतं. होज उघडला की प्रेशर पडतं आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. आपल्याकडे आग लागली तर कुणीतरी खाली धावत जाऊन बटण दाबायचं.

सावंत काकू बी ३०४: आणि खोलीला कुलूप. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन चहाला.

दळवी (सचिव): पण जुलैचा ‘फॉर्म बी’, म्हणजे फायर यंत्रणा चालू असल्याचा दाखला, एजन्सीने दिलाय, सहीशिक्क्यासह.

कुलकर्णी सी २०२: जानेवारी-जुलै दोन्ही वेळा देतात हो. सही पंप रूममध्ये उतरून केली की ऑफिसात बसून?

पाटील ए १०२: हे सगळं मागच्या कमिटीचं…

राणे काका ए ४०३: मागची कमिटी राहू दे. दळवी, त्यांच्याकडून चार्ज घेताना काय काय मिळालं?

दळवी (सचिव): चेकबुक, फायली आणि किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या बऱ्याच किल्ल्या कुठल्या ते अजून कळलेलं नाही.

राणे काका ए ४०३: म्हणजे मार्चिंग इन, ताबा घेतानाची मोजणी, झालीच नाही! रविवारी करू. ऋजुता यादी लिहील, पॅनेल मी बघतो. एजन्सीलाही बोलवा. तोवर स्विचला कुणी हात लावू नका. तो उगाच कुणी मॅन्युअलवर टाकत नाही. लाइन कुठेतरी गळत असणार, जॉकी सारखा चालू-बंद होत असणार, म्हणून कुणीतरी त्याला गप्प केलंय.

देशपांडे आजी सी ००१: माझ्या बेडरूमच्या भिंतीमागे रात्रभर घरघर व्हायची ती हीच का? दिवाळीनंतर बंद झाली. मला वाटलं दुरुस्त केलं.

राणे काका ए ४०३: हीच, वहिनी. म्हणजे सी विंगच्या राइझरपासून, फायर लाइनच्या उभ्या पाइपपासून सुरुवात. डक्टच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे?

दळवी (सचिव): जुडग्यात असावी. रविवारी सकाळी १० ला या, एकेक लावून बघू.

पाटील ए १०२: टँकर परत गेला.