यीस्ट टाकून ३८ तास झाले, एअरलॉक ढिम्म

तळघरातला: मंडळी, जरा मदत करा. मुक्काम न्यू जर्सी, बीअरची ही तिसरी खेप. पहिल्या दोन सप्टेंबरात लावल्या होत्या, झकास जमल्या. परवा शनिवारी संध्याकाळी ६ ला पाच गॅलन पेल एल (बीअरचा एक प्रकार) लावली, ओजी म्हणजे आंबण्याआधीची घनता १.०५०. वर्ट (माल्टचं गोड पाणी) २० सेल्सियसपर्यंत थंड केलं, यूएस-०५ यीस्टचं ११.५ ग्रॅमचं पाकीट वरून भुरभुरवलं आणि बादली तळघरात नेऊन ठेवली. आज सोमवार, सकाळचे ८. एअरलॉकमध्ये (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) एक बुडबुडा नाही. मागच्या वेळी १२ तासांत अशी बुडबुड सुरू झाली होती की बायको म्हणाली, खाली नळ गळतोय का बघ.

पाकिटाची तारीख उलटलेली नाही, फ्रीजमध्येच होतं. तळघरात सध्या ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सियसच्या आसपास. घरात पावाचं यीस्ट आहे. ते टाकू का?

फेसाळभाऊ: पावाचं यीस्ट कपाटातच राहू द्या. बीअर होईल, पण ते तळाशी नीट बसत नाही, गढूळ पाणी पीत बसाल. चोर तुम्हीच शेवटी लिहिलाय: १३ सेल्सियस. यूएस-०५ ला १८ च्या वर बरं वाटतं. थंडीत इडलीचं पीठ तळघरात ठेवता का? नाही ना, ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवता. बादली वर आणा, जुनी रजई गुंडाळा.

आणि त्याआधी हायड्रोमीटर घालून घनता मोजा, साखर संपत गेली की ती उतरते. झाकणाची रबरी कड नीट बसली नसेल तर वायू तिथूनच पळतो, एअरलॉक बिचारा कोरडा.

विरजणवाली: +१. नमुना काढायची पळी सॅनिटायझरमधून काढा, आणि मोजलेलं परत बादलीत ओतू नका, पिऊन टाका. गोडी किती उरलीय ते जिभेलाही कळतं.

माझी गंमत उलटी. पहिल्या खेपेला धीर धरवला नाही, वर्ट ३३ ला असतानाच यीस्ट टाकलं. विरजणासारखं करंगळी बुडवून ‘कोमट आहे, चालेल’ म्हटलं होतं! रात्रीत झाकण उडालं, फेस भिंतीवर. बीअरला नेल पॉलिशचा वास आणि दुसऱ्या दिवशी डोकं हे एवढं. तेव्हापासून करंगळी दह्याला, बीअरला थर्मामीटर.

कट्ट्यावरचा पुणेकर: वाचूनच तहान भागवतोय. आमच्याकडे घरी हा उद्योग केला तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. चालू द्या.

तळघरातला: फेसाळभाऊ, दंडवत! काल संध्याकाळी मोजलं, १.०४४. म्हणजे काम सुरू झालंच होतं. रबरी कड एका बाजूला दुमडलेली निघाली. ती सरळ केली, बादली दिवाणखान्यात रजईत बसवली. आज सकाळपासून अखंड बुडबुड. दुसरं पाकीट मागवणार होतो, राहिलं.

पण तळघर मार्चपर्यंत असंच थंड राहणार. दर वेळी रजई काढायची का?

फेसाळभाऊ: यीस्टसाठी घर बदलू नका, घर बघून यीस्ट निवडा. १३ सेल्सियसचं तळघर फुकट मिळतंय तर लागर (थंडीत आंबवायची बीअर) करा की! डब्ल्यू-३४/७० हे लागरचं यीस्ट घ्या, १२ ते १५ ला खूश असतं. मात्र थंडीत पेशी सावकाश वाढतात, म्हणून पाच गॅलनला एक नव्हे, दोन पाकिटं. गोडी बरीचशी उतरली की दोन-तीन दिवस १८ ला आणून ठेवा, नाहीतर बटर पॉपकॉर्नचा वास राहतो. मग महिनाभर फ्रीज. उन्हाळ्यात घर तापलं की नॉर्वेचं क्वाइक यीस्ट, व्हॉस जातीचं. ते ३५ लाही खुशाल चालतं, विरजणवालीबाईंनी तेव्हा तेच टाकायला हवं होतं.

विरजणवाली: तेव्हा मला यीस्ट म्हणजे यीस्ट एवढंच माहीत होतं हो.

तळघरातला: दहा दिवसांनी: घनता १.०११, दोन दिवस तिथेच आहे, म्हणजे आंबणं संपलं. शनिवारी बाटल्या भरतो. डब्ल्यू-३४/७० ची दोन पाकिटं मागवली. महिनाभर फ्रीज कुठला रिकामा करायचा, ही बोलणी घरात चालू आहेत.