लेंटमधली ‘स्क्रुटिनी’: गॉडमदरने काय करायचं?

ऐरोलीकर_लीना: ईस्टरच्या आदल्या रात्री माझ्या मैत्रिणीचा बाप्तिस्मा आहे आणि मी तिची गॉडमदर, म्हणजे धर्ममाता. पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) पत्रकात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी ‘स्क्रुटिनी’ छापलंय. ही ठाणे-वाशी लोकलमध्ये दहा आज्ञा नि विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) पाठ करत बसते. ‘सगळ्यांसमोर विचारलं आणि अडखळले तर?’ म्हणते. पोपच्या निवडणुकीच्या बातम्यांतही हाच शब्द वाचला होता. नक्की काय असतं हे? शिवाय चौथ्या रविवारी तिची महापेला शिफ्ट आहे. चुकलं तर बाप्तिस्मा पुढे जातो का?

तलावपाळीची_मावशी: पोरी, तिला आजच फोन करून सांग, कोणी काही विचारणार नाही. मी ठाण्यात बरीच वर्षं बाप्तिस्म्याची तयारी करून घेते. दरवर्षी कुणीतरी याच धास्तीने झोप घालवतं.

प्रवचन झालं की बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना पुढे बोलावतात. ती गुडघे टेकेल, तू तिच्याजवळ उभी राहायचं. सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत असताना तुझा उजवा हात तिच्या खांद्यावर हवा. नुसता टेकवू नकोस, तिला आधार जाणवू दे. मग फादर वाईटापासून सुटकेची प्रार्थना म्हणतात आणि एक शब्द न बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवतात. आमच्याकडे बाहेर रविवारची एवढी वर्दळ, तरी त्या वेळी पंख्यांची घरघर ऐकू येते.

तिला वाचायचंच असेल तर योहानाचे शुभवर्तमान, अध्याय ४, ९ आणि ११ दे. विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध आणि मेलेला उठवलेला लाजर, तीन रविवारी हीच वाचनं असतात. येशू त्या बाईचं सगळं आयुष्य तिच्यासमोर मांडतो, पण तिला हाकलत नाही. तपासणी होते ती अशी. विश्वासांगीकाराचं पाठांतरही फुकट जाणार नाही, पहिल्या स्क्रुटिनीनंतरच्या आठवड्यात तो तिला विधिपूर्वक सोपवतात.

पूर्वी फार कडक होतं. संत ऑगस्टिनच्या काळात (चौथं-पाचवं शतक) उत्तर आफ्रिकेत उमेदवार बकरीच्या केसांच्या भरड्या कापडावर अनवाणी उभे राहत. रोममध्ये पुढे हे विधी सातपर्यंत गेले. १९७२ च्या विधिग्रंथाने तीन ठेवले.

कोपरखैरणे_डी: पोपच्या निवडणुकीत स्क्रुटिनियम म्हणजे गुप्त मतदान. आधी एकमुखाने नाव पुकारून किंवा मोजक्या कार्डिनलांवर (पोप निवडणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंवर) निवड सोपवूनही पोप ठरवता येत असे. जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये ते दोन्ही मार्ग बंद केले. मतं मोजणारे तीन कार्डिनल सोडत काढून ठरतात. त्यांतला तिसरा मतचिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचतो आणि तिच्यावरच्या ‘एलिगो’ (मी निवडतो) या शब्दातून सुई घालून ती दोऱ्यात ओवतो. चिठ्ठ्यांचा आकडा मतदारांशी जुळला नाही तर सगळ्या जाळून लगेच नव्याने मतदान. मे २०२५ च्या निवडणुकीत १३३ कार्डिनल मतदार होते, म्हणजे दोन तृतीयांश धरून ८९ मतं लागत होती.

तलावपाळीची_मावशी: छान सांगितलंत. मत टाकण्याआधी प्रत्येक कार्डिनल शपथ घेतो, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जो माझा न्याय करणार आहे त्या ख्रिस्ताला साक्षी ठेवून, देवासमोर जो योग्य वाटतो त्यालाच मत देतो, असं म्हणायचं असतं. मत देणारा स्वतःच तपासला जातो. म्हणूनच मला मतदान आणि लेंटमधला विधी वेगळे वाटत नाहीत.

लीना, शिफ्टचं उद्यावर टाकू नकोस. गंभीर कारण असेल तर एक स्क्रुटिनी माफ करायचा अधिकार बिशपांना आहे, म्हणून फादरांना लवकर सांगा. पण आधी शिफ्टची अदलाबदल होते का बघा. जन्मांधाचा रविवार तिने चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

ऐरोलीकर_लीना: मावशी, खूप आभार. तिला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ऑफिसमधल्या मुलीशी शिफ्टचं बोलतेय ती.

घोडबंदर_आर: मध्येच विचारतो. माझ्या बायकोचा बाप्तिस्मा लहानपणी प्रोटेस्टंट चर्चमध्ये झालाय, आता ती कॅथलिक होतेय. तिलाही उभं राहावं लागेल?

तलावपाळीची_मावशी: नाही, दादा. हे तीन विधी बाप्तिस्मा न झालेल्यांसाठीच आहेत. तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला मात्र शोधून ठेवा, फादर मागतील.