मॉडेल रेल्वे: ६ × ३ फुटांवर पातालपाणी घाट, बजेट १२,०००: डीसी ठेवू की डीसीसी करू? (इंदूर)

घाटवाला_सुदामानगर
नमस्कार मंडळी. हाताशी काय आहे ते आधी सांगतो: एचओचा (१:८७ प्रमाणाच्या छोट्या रेल्वेचा) स्टार्टर सेट, एक डिझेल इंजिन, तीन डबे, आर १ (सर्वांत लहान) वळणांचा ओव्हल, एक पॉइंट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) आणि १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर, रुळाचा व्होल्टेज कमीजास्त करून गाडी चालवणारा. ६ × ३ फुटांचा प्लाय फ्रेमसकट तयार आहे. खोली गच्चीवरची, वर पत्रा. पातालपाणी-कालाकुंड घाटाचा एक तुकडा करायचाय: दरी, बोगदा, धबधबा. प्रश्न दोनच. डीसीसी (रुळातून डिजिटल आज्ञा देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत) करावं का? आणि डोंगर पीओपीचा की थर्माकोलचा? बजेट १२,०००. ते खरंच १२,००० आहे.

हॉर्न_वाजलाच_पाहिजे
डीसीसीच. ५ अँपियरचं तयार कमांड स्टेशन (रुळात आज्ञा सोडणारी पेटी) घ्या, वायफायसकट, आणि इंजिनात आवाजाचा डीकोडर, म्हणजे त्या आज्ञा ऐकणारं छोटं सर्किट. माझ्याकडे तेच आहे, एका रुळावर चार इंजिनं आणि प्रत्येकाचा हॉर्न वेगळा. १२ हजारांत बसणार नाही, पण हौसेला मोल नसतं.

घाटवाला_सुदामानगर
अहो, माझ्याकडे इंजिन एकच आहे.

हॉर्न_वाजलाच_पाहिजे
दुसरं येतंच.

सोल्डर_महाराणीरोड
तयार स्टेशन कशाला? घरी बनतं. आर्डुइनो मेगा (छोटं प्रोग्रॅम करता येणारं बोर्ड), त्यावर मोटर शील्ड (रुळाला करंट देणारं जोडबोर्ड), आत डीसीसी-ईएक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर. शील्डला १४-१५ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या, कारण तिच्यावरची एल२९८ ही चिप स्वतःच दोनेक व्होल्ट खाते. मात्र शील्डच्या मागचा ‘व्हीइन कनेक्ट’चा जोड आधी ब्लेडने कापा. तो तसाच राहिला तर हेच १५ व्होल्ट मेगात शिरतात आणि तिचा रेग्युलेटर भाजून निघतो. मोबाइलवरून गाडी चालवायची तर वायफायचं बोर्ड वेगळं लागेल.

खरी मेख इंजिनात आहे. उघडून बघा. आठ पिनांचं सॉकेट असेल तर दहा मिनिटांचं काम. नसेल तर मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून पूर्ण सुटे करावे लागतात. एक जरी टेकलेला राहिला तर रुळावर ठेवताक्षणी डीकोडर गेला. मल्टिमीटर लावा: ब्रश ते चाक कुठेही बीप नको. मग डीसीवर १२ व्होल्ट देऊन चाकं क्षणभर धरा आणि करंट मोजा, मीटर १० अँपियरच्या रेंजवर ठेवून. एचओचे बरेचसे डीकोडर सलग १ अँपियर झेपवतात. आकडा त्याहून वर गेला तर ते इंजिन डीसीवरच राहू द्या. जोडणी: लाल उजवा रूळ, काळी डावा, नारिंगी-करडी मोटरला, निळी दिव्यांची कॉमन.

मीटरगेज_म्हणजे_मीटरगेज
मूळ मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. हा घाट मीटरगेजचा आहे. एचओचा रूळ १६.५ मिमी, तो १:८७ ला ब्रॉडगेजसुद्धा होत नाही, स्टँडर्ड गेज होतो. मीटरगेजला १२ मिमी रूळ हवा, एचओएम. १६.५ वरच मीटरगेज दाखवायचं तर स्केल १:६० होतं.

हॉर्न_वाजलाच_पाहिजे
मग वायडीएम-४ (मीटरगेजचं डिझेल इंजिन) कुठून आणणार?

मीटरगेज_म्हणजे_मीटरगेज
चासी १२ मिमीची, बॉडी स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) शीटची, हाताने. तयार मिळत नाही म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

एकास_चाळीस
गेजवरून भांडा, पण पाटाचं गणित कुणीच केलेलं दिसत नाही. ३ फूट म्हणजे ९१४ मिमी. आर १ चं वर्तुळ ७४२ मिमी व्यासाचं. आर २ चं ८७६, म्हणजे रुळाच्या मध्यापासून काठापर्यंत १९ मिमी उरतात. गाडी घसरली की थेट फरशीवर. तुम्हाला आर १ शिवाय गत नाही. तेव्हा ‘दुसरं येतंच’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की लांब बोग्यांची इंजिनं आणि मोठे डबे त्या वळणावर एकतर अडतात नाहीतर बोगद्याच्या भिंती घासतात. बोगद्याचं तोंड रंगवण्याआधी सर्वांत लांब डबा वळणावरून हाताने ढकलून बघा.

दुसरं, घाट आहे म्हणून रूळ चढवायला जाऊ नका. खरा चढ १:४० म्हणजे अडीच टक्के. एका रुळावरून दुसरा न्यायला फळीच्या जाडीसकट ७५ मिमी तरी उंची लागते. अडीच टक्क्यांनी ती गाठायला ३ मीटर, उतरायला आणखी ३. तुमचा अख्खा ओव्हल जेमतेम सव्वाचार मीटरचा. रूळ सपाटच ठेवा, जमीन खाली उतरवा. पुढच्या काठाला रुळाखालची पट्टी ठेवून बाकी प्लाय कापा, १५ सेंमी खाली दुसरी फळी ठोका आणि दरी तिच्यावर करा. माझ्या मते या धाग्यातला सगळा पैसा इथेच घालवायला हवा.

रवा_चाळणी
एकास_चाळीस यांच्याशी सहमत. आता डोंगर. पीओपीचं वजन फार, पत्र्याखालच्या उन्हात फ्रेम जरा हलली की तडे जातात. थर्माकोल घ्या, तोही दाट. मिळाला तर एक्सपीएस (घट्ट, एकसंध फोम), त्याचे दाणे सुटत नाहीत. चिकटवायला पांढरा फेविकॉल. सॉल्व्हंटवाला कोणताही गोंद आणि स्प्रे पेंट थर्माकोल खातात. दोन मोठे पृष्ठभाग सपाट चिकटवू नका, मध्ये हवा पोहोचत नाही आणि फेविकॉल आठवडाभर ओला राहतो. ठिपके द्या आणि बांबूच्या काड्या खुपसा. वर जुन्या मलमलच्या पट्ट्या फेविकॉल-पाण्यात बुडवून, त्यावर वॉल पुट्टीचा २-३ मिमी थर.

आपल्याकडचा दगड बेसॉल्ट आहे, आडव्या पायऱ्यांचा. परदेशी व्हिडिओ बघून गोलसर टेकड्या करू नका. पुट्टी ओलसर असतानाच सुरीने आडवे टप्पे खरवडा. आधी पातळ काळं पाणी सोडा, ते भेगांत बसेल; कोरड्या ब्रशने करडा नंतर.

खडी: सियागंजात महागडं पाकीट शोधत फिरू नका. क्रशरची चुरी आणा. खरी खडी ५० मिमीच्या आसपास धरली तर १:८७ ला अर्धा-पाऊण मिमी. रव्याच्या चाळणीतून पडेल पण मैद्याच्या चाळणीवर राहील ती घ्या. धुऊन वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तीनचारदा फिरवा. बेसॉल्टच्या चुरीत मॅग्नेटाइट असतं. ते मोटरच्या चुंबकाला चिकटतं आणि गिअरात जातं. पसरल्यावर आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, मग एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी ड्रॉपरने. फवारा न मारता सोडलं तर थेंब गोळा होऊन खडी वाहून नेतो. पॉइंटच्या हलत्या पट्टीजवळ एक थेंबही नको.

नवा_सभासद_विजयनगर
आर्डुइनोवर स्वस्तात होतं म्हणे. कुणी करून बघितलंय का?

सोल्डर_महाराणीरोड
वर स्क्रोल करा, भिया.

आणि डीसी असो की डीसीसी, वायरिंग एकच. प्लायखालून दीड एमएमची लाल-काळी बस (मुख्य वायर), दर तीन फुटांवर अर्ध्या एमएमचा फीडर (बसपासून रुळाला जाणारी वायर). सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला; आतल्या अंगाला टेकाड राहिलं की चाकाची फ्लँज (आतली कड) उडते. फ्लक्स रोझिनचंच, ॲसिडवालं काही महिन्यांत सांधे हिरवे करतं. डीसीसी केलंत तर दोन रुळांवर नाणं आडवं टाका, ओव्हलभर जागोजागी. प्रत्येक ठिकाणी स्टेशनने करंट तोडला पाहिजे. जिथे तोडणार नाही तिथली वायर बारीक आहे किंवा सांधा सैल. पत्र्याची खोली आहे म्हणून सगळे सांधे सोल्डर करू नका, सरळ भागात अर्धा मिमी फट सोडा.

थर्माकोल_झिंदाबाद
पीओपी नको, थर्माकोलच घ्या. पांढरा फेविकॉल वापरा. सॉल्व्हंटवाला नको.

मीटरगेज_म्हणजे_मीटरगेज
धबधब्याला रेझिन ओतू नका, उभ्या कड्यावर राहत नाही. पॉलिथिनवर पारदर्शक सिलिकॉनच्या रेषा ओढा, काडीने उभ्या विंचरा, वाळल्यावर सोलून कड्याला लावा. पण धबधबा केलात तर झाडं हिरवी लागतील. उन्हाळ्यातला पिवळा साग आणि भरलेला धबधबा एका पाटावर दिसला तर मी पुन्हा येईन.

घाटवाला_सुदामानगर
सगळ्यांचे आभार. ठरलं. इंजिन उघडलं, सॉकेट नाही, म्हणून डीसीसी बाद. एचओएमसुद्धा बाद, माफ करा. दरी खाली उतरवतोय, प्लाय उद्या कापायला देतो. डोंगर मात्र पीओपीचाच. दोन पोती घरात पडून आहेत, फुकट. थर्माकोलचे पैसे वाचवून दुसरा पॉइंट घेतो.

रवा_चाळणी
इतकं लिहून पीओपीच! बरं, निदान खाली कोंबडीजाळी ठोका, थर १ सेंमीच्या वर नको, आणि कालवताना पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नाही. एका वेळी वाटीभरच. दहा मिनिटांत दगड होतो.

एकास_चाळीस
बोगद्याचं छत सुटं ठेवा. डबा आत घसरला तर कोपरापर्यंत हात गेला पाहिजे.

हॉर्न_वाजलाच_पाहिजे
दुसरा पॉइंट घेताय म्हणजे दुसरं इंजिन येणारच. मी सांगितलं होतं.